एकट्याने, आगगाडीने, थोडासा युरोप



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्याच मंडळींपैकी दोघातिघांनी कपाळाला आठ्या घातल्या. बोनस, ग्रॅच्युइटी आणि कोर्टकचेरी यांत उभा जन्म घालवलेला माणूस वसंतातल्या संध्याकाळी उभा राहून युरोपच्या सहलीविषयी काय सांगणार? शंका रास्त आहे. परंतु आमच्या कचेरीत पूर्वी जी माणसे पगाराचा हिशेब समजून घ्यायला येत, त्यांतली काही आता व्हिसाचा अर्ज घेऊन येतात. कोणाला फंडाचे पैसे मिळालेले असतात, कोणाची मुलगी म्हणते, ‘बाबा, एकदा जाऊन या.’ बरोबर यायला कोणी नसते. मग प्रवासी कंपनीचे रंगीत पत्रक पुढे येते : दहा दिवसांत सात देश! आम्ही ते पत्रक बाजूला ठेवतो आणि विचारतो, ‘तुम्ही पाहायला चाललात, की हजेरी लावायला?’

दहा दिवसांत सात देश म्हणजे बसच्या काचेतून पाहिलेले सात देश. पहाटे पाचला सामान बाहेर, रात्री नऊला सामान आत. चाळीस वर्षे कारखान्याच्या भोंग्यावर चाललेल्या माणसाने सुट्टीतही भोंग्यावरच का चालावे? आमचे म्हणणे असे की दहा रात्री असतील तर शहरे तीन पुरेत. त्यांच्यामध्ये दिवसाचे दोन मोठे रेल्वेप्रवास ठेवावेत. उगाच हवेत बोलण्यापेक्षा एक रस्ताच धरून बोलू. आम्ही दोनदा एकट्याने त्या बाजूस गेलो, तेव्हा हाच धरला होता. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे उतरायचे, तेथे चार रात्री. मग गाडीने स्वित्झर्लंडमधील झुरिक, तीन रात्री. मग आल्प्स ओलांडून इटलीतील मिलान, तीन रात्री, आणि तेथूनच विमानाने परत. गेलो त्याच वाटेने माघारी येण्यात एक दिवस आणि एक भाडे फुकट जाते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. हे तिन्ही देश शेंगेन करारातले. त्या करारात आज २९ देश आहेत आणि व्हिसा एकच लागतो. जेथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे आपल्या बेतात ऑस्ट्रियाकडे. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत देता येतो, पंधरा दिवसांच्या आत आला तर उशीर झाला म्हणून समजा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. इंग्लंड या करारात नाही, तेव्हा ‘जाता जाता लंडन’ हा विचार सोडून द्यावा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची पद्धत सुरू झाली आहे, तेथे रांगेची तयारी ठेवावी. स्वित्झर्लंडचे नाणे फ्रँक आहे, युरो नव्हे, आणि तेथील महागाई पाहून छाती दडपते. म्हणूनच आम्ही तेथे तीन रात्री म्हणतो, सहा नव्हे.

आता पास. युरेल नावाचा पास १९५९ साली निघाला. युरोपबाहेरच्या माणसाला तो घेता येतो आणि आज तो ३३ देशांत चालतो. पासाचे आपल्याकडे विलक्षण आकर्षण आहे. एकदा पैसे भरले की सगळे फुकट, असे वाटते. परंतु पास म्हणजे काही पुण्य नव्हे. फ्रान्स, स्पेन आणि इटलीतील वेगवान गाड्यांना पास असूनही जागा राखून ठेवावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. तीनच शहरे असतील तर सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात, मात्र ती दोनतीन महिने आधी घ्यावी लागतात. स्वित्झर्लंडमध्ये दिवसभराचा जो पास असतो, तोही आधी घेतला तर स्वस्त. चारपाच लांबचे प्रवास असतील, किंवा आज निघू की उद्या हे ठरवायचे नसेल, तेव्हाच युरेलचा विचार करावा. साठी उलटलेल्यांना त्यात सवलत आहे. कागद आणि पेन्सिल घेऊन बेरीज करा. वेतनकराराच्या वेळी आम्ही हेच सांगत आलो : आधी बेरीज, मग सही.

सामानाविषयी आम्ही जरा कठोर आहोत. तिकडच्या फलाटावर लाल सदऱ्यातला हमाल येत नाही. गाडी दोनतीन मिनिटे थांबते, दाराला पायऱ्या असतात, आणि ‘अहो, जरा हात लावता का’ हे वाक्य तेथील भाषेत आपल्याला येत नसते. म्हणून एकच बॅग. भरून झाल्यावर ती उचलून आपल्या घराचे दोन जिने चढून पाहा. धाप लागली तर अर्धे कपडे काढून ठेवा. दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी अवश्य न्या. परंतु तूप, पेढे, खवा असले दुधाचे जिन्नस आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. व्हिएन्नाला नळाचे पाणी बेशक प्या, १८७३ पासून ते डोंगरातल्या झऱ्यांवरून येते. बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवणाऱ्या आपल्या मंडळींना पाहून आमचा जीव तुटतो. रविवारी तेथील दुकाने बंद असतात, तेव्हा पाव आणि फळे शनिवारीच घेऊन ठेवावीत. अडलेच तर मोठ्या स्टेशनातले दुकान उघडे असते.

व्हिएन्नात राजवाडे आहेत, ते पाहा. ते कोणीही दाखवील. आम्ही तुम्हांला भुयारी रेल्वेने हायलिगनश्टाट या स्टेशनावर उतरायला सांगू. बाहेर आलात की समोर एक इमारत उभी राहते आणि संपतच नाही. लांबी किलोमीटरहून अधिक. हिचे नाव कार्ल-मार्क्स-होफ. १९२७ ते १९३० या काळात व्हिएन्नाच्या नगरपालिकेने ही कामगारांसाठी बांधली. १,३८२ बिऱ्हाडे, आणि त्यांच्यासाठी सामायिक धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या. जमिनीचा मोठा भाग बागांना सोडलेला. पैसा कोठून आला? १९२३ साली शहराने घरांवर खास कर बसवला, लहान घराला नाममात्र, बंगल्याला भरपूर. त्या दहा वर्षांत अशी साठ हजारांवर बिऱ्हाडे उभी राहिली. १९३४ च्या फेब्रुवारीत सरकारी फौजेने याच इमारतीवर तोफा डागल्या, कारण आत हत्यारबंद कामगार होते. आज भिंती साफ आहेत, कमानींखालून मुले सायकली पिटाळतात, आणि एका जुन्या धुलाईघरात त्या काळाचे संग्रहालय आहे.

त्याच दशकात आमच्या मुंबईत डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोडला चाळी बांधल्या. एकेक खोली आणि मजल्याला सामायिक संडास. दोन्हीकडे कामगारच राहणार होता. फरक कोठे पडला, याचा विचार त्या बागेतल्या बाकावर बसून करण्यासारखा आहे. आणि तो एकट्यानेच होतो. बरोबर वीस माणसे आणि झेंडीवाला असला की बाकावर कोणी बसू देत नाही.

व्हिएन्नाहून झुरिक सुमारे आठ तास. रात्रीची गाडीही आहे, मुक्कामाचे पैसे वाचतात. तरी हा प्रवास दिवसाच करा. वाटेत साल्झबुर्ग, इन्सब्रुक, मग १८८४ साली खुला झालेला आर्लबर्गचा बोगदा. मधला थोडा तुकडा गाडी जर्मनीच्या हद्दीतून जाते, आणि हे कळते ते फक्त मोबाईलवर आलेल्या संदेशाने. वेळापत्रक चोवीस तासांचे असते. काही गाड्या वाटेत दुभंगतात आणि अर्धे डबे भलतीकडे जातात, म्हणून चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचावी. फलाटावर शिरताना बहुधा कोणी अडवत नाही, याचा अर्थ तिकीट लागत नाही असा करू नये. तपासनीस गाडीत येतो, नम्रपणे बोलतो आणि दंड मात्र पुरेपूर लावतो.

आता ज्यासाठी हा सारा बेत आखला त्या दिवसाकडे येतो. झुरिकहून मिलानला जाणारी वेगवान गाडी गॉटहार्डच्या नव्या बोगद्यातून जाते. तो २०१६ साली खुला झाला, लांबी ५७ किलोमीटर, जगात सर्वांत लांब रेल्वे-बोगदा. वीसएक मिनिटे काळोख आणि संपले. ती गाडी सोडून द्या. जुन्या डोंगरी मार्गाने जाणारी ‘ट्रेनो गॉटार्डो’ नावाची गाडी धरा. ती सावकाश जाते, आणि सावकाश जाणे हेच तिचे काम. वासेन नावाच्या खेड्यात एक पांढरे देऊळ आहे, ख्रिस्ती मंडळींचे. गाडी डोंगराच्या पोटात वळणे घेत चढते, म्हणून ते एकदा वर दिसते, एकदा बरोबरीला आणि एकदा खाली. खिडकीची जागा सोडू नका.

त्यानंतर ग्योशेनेन हे लहानसे स्टेशन येते. तेथे उतरा. पुढची गाडी मिळते. येथून १८७२ साली जुना बोगदा खणायला सुरुवात झाली, पंधरा किलोमीटरचा. कामगार बहुतेक इटलीतले. आत सुरुंगाचा धूर, तीस अंशांवर उष्णता, गुडघाभर पाणी. सांडपाण्याची सोय नसल्यामुळे पोटात जंत होऊन माणसे पांढरीफटक पडत. १८७५ च्या जुलैमध्ये त्यांनी काम थांबवले. दुसऱ्या दिवशी उरी प्रांतातली हत्यारबंद माणसे आली, गोळीबार झाला आणि चार कामगार ठार झाले. बोगद्याचे कंत्राट लुई फाव्र या माणसाकडे होते. तोही १८७९ साली बोगद्यातच कोसळून मेला. खणणारे दोन्ही बाजूंनी येऊन मिळाले ते १८८० साली, गाडी धावली १८८२ साली, आणि तोवर बोगद्यात सुमारे दोनशे माणसे गेली. पलीकडच्या तोंडाशी आयरोलो स्टेशन आहे. तेथे व्हिन्चेन्झो व्हेला या शिल्पकाराचे काशाचे उठावचित्र आहे : मेलेल्या सोबत्याला बाहेर आणणारे खाणकरी. नाव ‘श्रमाचे बळी’. शिल्प त्या काळातले, ते स्टेशनाजवळ बसवले १९३२ साली. नव्या बोगद्याच्या कामात नऊजण गेले, त्यांचेही स्मारक आहे.

तेथे उभे राहिलो की आम्हांला आमचा बोरघाट आठवतो. १८६३ साली त्यातून गाडी सुरू झाली. मजूर हजारोंनी मेले, पटकीने, तापाने, दरडीखाली. १८५९ साली मजुरीवरून त्यांनीही दंगा केला होता. खंडाळ्याच्या घाटात आपण बटाटेवडा खात बाहेरचे धबधबे पाहतो. धबधबे सुंदरच आहेत. पण त्या मजुरांची नावे आम्हांला आजवर कोठे वाचायला मिळाली नाहीत.

पुढे लुगानोहून मिलानला प्रादेशिक गाडी मिळते, तिला जागा राखावी लागत नाही. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचे असते. खिसेकापू मिलानच्या मोठ्या स्टेशनात आहेत, जसे आमच्या दादरला आहेत. पासपोर्ट सदऱ्याच्या आत ठेवा. अडचणीच्या वेळी ११२ हा नंबर तिन्ही देशांत चालतो.

भगिनी विचारतात, आम्ही एकट्याने जावे काय? जावे. रात्री दहाला स्टेशनात उतरेल अशी गाडी मात्र घेऊ नये, आणि पहिल्या रात्रीचा मुक्काम स्टेशनापासून पायी अंतरावर असावा. हा सल्ला पुरुषांनाही आहे. काही रात्रगाड्यांत स्त्रियांसाठी वेगळा कप्पा मागता येतो.

दिवस मजेत जातो. संध्याकाळी सातच्या सुमारास मात्र एकटेपणा येतो, हे आम्ही लपवणार नाही. उपाहारगृहात चौघांच्या टेबलावर एकट्याने बसणे जड जाते. आमचा उपाय असा, की दुपारी नीट जेवावे, संध्याकाळी पाव, फळे घेऊन बागेत किंवा नदीकाठी बसावे, आणि मग दिवसभरात पाहिलेले एका वहीत लिहावे. घरी रोज एकदा बोलावे, पाच वेळा नव्हे. पाच वेळा बोललात तर तुम्ही घरीच आहात.

शेवटी संपाची गोष्ट, कारण ती विचारल्याशिवाय आम्हांला येथून कोणी जाऊ देणार नाही. इटलीत रेल्वेचा संप होतो, आणि तुमच्याच दिवशी होऊ शकतो. परत आलेले लोक तक्रार करतात, ‘त्या लोकांनी आमची सहल बुडवली.’ सहल बुडत नाही. १९९० च्या कायद्याप्रमाणे संपाची नोटीस किमान दहा दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे तारीख आधी कळते. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात, आणि लांबच्या गाड्यांपैकी कोणत्या धावणार याची यादी निघते. फ्रान्समध्येही उद्या कोणत्या गाड्या धावतील ते आदल्या संध्याकाळी जाहीर होते. १९७४ च्या मे महिन्यात आमच्या रेल्वे कामगारांनी वीस दिवस संप केला, तेव्हा हजारोंना तुरुंगात टाकले. संपकऱ्याला तुरुंगात न टाकताही प्रवाशाची सोय लावता येते, हे तेथे उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळते. विमानाच्या दिवशी संप असेल तर सकाळच्या त्या वेळेतली गाडी धरा आणि विमानतळावर वही काढून बसा.

आणि गाडी तासाभराने उशिरा पोहोचली तर भाड्याचा चौथा हिस्सा, दोन तासांनी पोहोचली तर निम्मे भाडे परत मागण्याचा हक्क युरोपीय संघाच्या नियमाने तुम्हांला आहे. रेल्वेच्या नोकरांचा संप ही त्या नियमात कंपनीला सबब धरलेली नाही. तेव्हा संकोच न करता अर्ज भरा. ते पैसे व्यवस्थापन देते, संपकऱ्याच्या पगारातून जात नाहीत.