डोंगराच्या यंत्रावर जेवणाचा डबा



शाळा आमची सातवीत सुटली. पुढले शिक्षण कारखान्याच्या दारावर झाले. चित्रकलेवर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? परंतु पवना आणि मुळा यांच्या बेचक्यातल्या या सांगवीत आम्ही एक चित्र पाहिले, त्याची हकीकत सांगतो.

१९९४ साली ‘ब्राइस’ नावाचे सॉफ्टवेअर निघाले. अमेरिकेतील ब्राइस कॅनियनवरून हे नाव. काम डोंगर, पाणी, आकाश रचण्याचे. आमच्या संघटनेतील, कामावरून कमी केलेल्या एका टर्नरने त्यावर आपला जेवणाचा डबा, पेला व भाकरी मांडली. मोठ्या नळकांड्यातून लहान नळकांडे वजा केले, की झाला पेला! बोअर मारणे त्याला कोणी शिकवावे? दूरचे डोंगर धूसर करणारे धुके त्याने बंद केले, आणि एक डोंगर चेपून त्याची भाकरी केली. दगड आणि डोंगर यांचा खडबडीतपणा एकाच जातीचा, हे मांडेलब्रॉट या गणितज्ञाने दाखवलेच होते.

आम्ही विचारले, “अरे, डबाच का?”

तो म्हणाला, “अण्णा, डोंगर कोणीही काढील. हा डबा २२ वर्षे माझ्याबरोबर पाळीला आला.”

चित्राने पोट भरत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु यंत्र कशासाठी, हे करणारा ठरवतो. त्यातून काय निघावे, हे चालवणाराचा हात ठरवतो. त्याची जागा गेली, हात गेला नाही. त्या हाताला काम मिळावे, एवढेच आमचे मागणे आहे.