सुतारमेटावरची विद्या
(आष्टा येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



वसतिगृह, शिष्यवृत्त्या आणि वधूवर-सूची हे विषय सकाळच्या बैठकीत झाले. त्यांचे महत्त्व आम्ही जाणतो. तथापि ज्या हातांच्या बळावर आपली ज्ञाती या पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, त्या हातांविषयी थोडे बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली आहे.

सुतारमेट हा शब्द येथील वडीलधाऱ्यांना समजावून द्यावा लागणार नाही. तरुणांना मात्र तो सांगावा लागतो. सुतारमेट म्हणजे चार भिंतींचा कारखाना नव्हे. एखादे चिंचेचे वा लिंबाचे झाड, त्याच्या सावलीत जमिनीत रोवलेला ठोकळा, भोवती ढलप्यांचा थर आणि वाकस, करवत, पटाशी, किंकरे, रंधा, दोरीने फिरविण्याचा सामता एवढी हत्यारे, की झाले सुतारमेट. मृग तोंडावर आला म्हणजे तेथे पाय ठेवावयास जागा नसे. कोणाचे रुमणे मोडलेले, कोणाच्या कुळवाचे जानोळे ढिले झालेले, आणि प्रत्येकाला घाई.

परंतु खरे काम त्याच्या कितीतरी आधी, शेताच्या बांधावर सुरू होई. नांगराचे खोड फळीतून कापून काढता येत नाही. त्याला जो बाक लागतो तो बाभळीतच असावा लागतो. सरळ लाकूड वाकडे कापले तर त्याचे तंतू मध्येच तुटतात, आणि पहिल्याच खोल तासाला खोड तेथे चिरते. झाडाने स्वतःच घेतलेल्या वळणात तंतू त्या वळणासरशी अखंड जातात. म्हणून जाणता सुतार उभ्या झाडाभोवती दोनदा फिरे, बुंध्याशी फुटलेल्या फांदीकडे पाही आणि म्हणे, “यात नांगर आहे.” आम्ही लहानपणी हे वाक्य ऐकून चकित होत असू, आम्हांला तर तेथे केवळ काटे दिसत.

तोडलेली बाभूळ लगेच कामास घेत नसत. ओंडका विहिरीत किंवा ओढ्याच्या डोहात काही महिने बुडवून ठेवीत. तेथे लाकडातील रस धुऊन जाई आणि भुंग्याचे भय कमी होई. वरचे पांढरे लाकूड तासून टाकावयाचे आणि आतला तांबूस गाभा ठेवावयाचा. ऊस गाळण्याचा जुना चरकही बाभळीचाच असे. त्याच्या उभ्या लाटांच्या डोक्याशी एकमेकींत बसणारे दाते हातांनी कोरीत, आणि दोन लाटांच्या अशा जोडीला नवरा-नवरी म्हणत. आपल्या वाळवे तालुक्यात आज ऊस उदंड आहे. ती नवरा-नवरी पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागेल.

पाभरीचे चाडे ही त्याहून नाजूक गोष्ट. ओंजळीएवढ्या त्या लाकडी वाटीत जितके नळे तितकी भोके. भोके सारख्या मापाची आणि सारख्या उताराची नसली, तर एका ओळीत दाणे दाट पडतात आणि दुसरी ओळ विरळ उगवते. सुताराच्या हाताची चूक अशी पंधरा दिवसांनी सबंध गावाला शेतात दिसे! काथवटीचे तंत्र आणखी निराळे. ती ओल्या लाकडातूनच कोरावयाची, कारण ओले लाकूड हत्याराला मऊ लागते. मग तिला उन्हाचा वारा न लागू देता, ढलप्यांखाली सावकाश सुकवावयाचे. घाई केली की तडा गेलाच. चाकाचा तुंबा, आरे, पुट्ठे आणि लोहारबंधूंच्या साहाय्याने तापवून चढविलेली धाव यांविषयी बोलावयाचे तर रात्र पुरणार नाही; ते राहू द्या.

हे सर्व सांगताना बलुत्याची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात ती व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत सुताराचे नाव येई, याचा अभिमान काही जण अजून बाळगतात. परंतु त्या पहिल्या ओळीतली आमची आजी एका खळ्यावर, वर्षभराच्या कामाच्या पेंढ्या मिळण्यासाठी, दिवे लागेपर्यंत उभी राहिली होती, हे आम्ही तिच्याच तोंडून ऐकले आहे. ती व्यवस्था गेली, बरे झाले.

लाकडी नांगरही गेला, आणि त्याचीही तक्रार आम्ही करीत नाही. कृष्णेपलीकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवले जाईल अशी भीती शेतकऱ्यांना वाटे, आणि आरंभी तो नांगर खपेना. पुढे तो खपला, कारण तो अधिक चांगला होता. त्यानंतर ट्रॅक्टर आला. आपली मुले दारे-खिडक्या, प्लायवूडची कपाटे यांकडे वळली आणि पोट भरू लागली. यात गैर ते काय?

मात्र एक गोष्ट आमच्या मनाला टोचते. प्लायवूडला बाक नसतो, गाभा नसतो. त्यावर आयुष्य काढलेल्या मुलाला झाड वाचता येत नाही. दोष त्याचा नव्हे. आम्ही स्वतः वडिलांचा वाकस मोडीत, वजनावर विकला आहे. किती पैसे आले हे सांगावयाचीही लाज वाटते. नातवाने विचारले, तेव्हा आम्हांला वाकसाचे चित्र काढून दाखवावे लागले, आणि तेही नीट साधले नाही.

फिनलंडने १८६६ साली ग्रामीण शाळांत मुलग्यांना हस्तव्यवसाय सक्तीचा केला. आपल्या वर्ध्यास १९३७ साली गांधीजींनी हाच विचार अधिक व्यापक रूपाने मांडला. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतारांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ज्यांनी अर्ज केला नसेल त्यांनी अवश्य करावा. परंतु “यात नांगर आहे” असे म्हणणारी नजर त्या पेटीतून येणार नाही. ती ज्यांच्याजवळ आहे ते आमच्या मोजणीप्रमाणे या सभेत पाच जण आहेत, आणि सर्वांत धाकट्यांचे वय एकाहत्तर आहे.

म्हणून आमची सूचना अशी. दर रविवारी सकाळी दोन तास या पाचांपैकी एकाने तरी झाडाखाली बसावे आणि शिकू इच्छिणाऱ्यांस शिकवावे. मुलींना वगळू नये. चाड्याचे भोक पाडावयास मनगटापेक्षा नजर अधिक लागते. अन्य ज्ञातींतील मुलांनाही येऊ द्यावे. विद्या घरातच ठेवण्याच्या हट्टाने ती घरातूनच नाहीशी झाली आहे. शिवाय प्रत्येक अवजाराच्या भागांची नावे एका वहीत उतरवून घ्यावीत. त्या वहीचा आरंभ आम्ही केला आहे. चुका असतील, त्या वडीलधाऱ्यांनी निःसंकोच खोडाव्यात.

भोजनानंतर मंडपाबाहेर आंब्याच्या ओल्या ओंडक्यातून काथवट कोरून दाखविली जाईल. हत्यार उसने आणले आहे. मुलांनी जवळ यावे, परंतु पायांत जोडे असू द्यावेत. वाकस निसटला तर तो पायाकडेच येतो.