‘किरकोळ’ गठ्ठ्यातली आपली पुस्तकं

(पदवीनंतर पुढे काय शिकायचं, याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात पदवी मिळवणारं पहिलं माणूस तुम्हीच आहात. पुढे काय करायचं हे सांगणारं घरात कोणी नसतं. बाहेर मात्र सल्ला देणारे पुष्कळ असतात. ते म्हणतात, “काहीच जमलं नाही तर लिब करून टाक, कुठेतरी चिकटशील.” मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, आणि चळवळीतल्या छोट्या पुस्तिकांवर पीएच.डी. करते आहे. मी ग्रंथपाल नाही, पण माझं काम पावलोपावली ग्रंथपालावर अडतं. त्या अनुभवातून सांगते, ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी ही ‘काहीच जमलं नाही’ म्हणून घ्यायची गोष्ट नाही. आपल्या चळवळीला तिची गरज आहे.

आधी व्यवहाराचं बोलू. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एक वर्षाचं बी.लिब. आणि त्यानंतर एक वर्षाचं एम.लिब. करता येतं. काही विद्यापीठांत दोन्ही मिळून दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचा मार्ग आहे. महाविद्यालयात ग्रंथपाल किंवा विद्यापीठात सहायक ग्रंथपाल व्हायचं, तर पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण आणि नेट लागते. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना गुणांत 5 टक्क्यांची सवलत आहे. नेटमध्ये या विषयाचा संकेतांक 59. या पदांचं सुरुवातीचं वेतन सहायक प्राध्यापकाइतकंच असतं. “पुस्तकं पुसायची नोकरी” म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा.

दुसरी बाजूही ऐका. कायम जागा कमी निघतात, कंत्राटी कामच जास्त मिळतं. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गवारीने ग्रंथालयांना अनुदान मिळतं. पण गावातल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयातल्या मानधनावर घर चालत नाही. म्हणून बी.लिब.ला प्रवेश घेतला त्या दिवसापासून नेटचा अभ्यास सुरू करायचा.

आता या शास्त्राचं आणि आपलं नातं पाहू. 1910 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. 1911 मध्ये तिथे ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. 1913 मध्ये याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्या शहरात त्यांना धड राहायला जागा मिळाली नाही. ग्रंथालयाचं दार उघडलं म्हणून घराचं दार उघडतं असं नाही, हे बडोद्याने दाखवलं. तरीही बाबासाहेबांनी ग्रंथालयाची वाट सोडली नाही. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयं काढणं हेही होतं.

एम.लिब.ला तुम्ही रंगनाथन वाचाल. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पहिल्याचा आशय असा की ग्रंथ वापरासाठी असतो. ते समजावताना ते युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांची आठवण देतात, जिथे पुस्तकं साखळीने बांधलेली असत. हे वाचताना मला वाटलं, आपल्याकडे साखळी वाचकाला होती. ती तुटली, म्हणून तुम्ही-आम्ही इथे बसलो आहोत. आता प्रश्न आपल्या पुस्तकांचा आहे.

वर्गीकरण हा या अभ्यासक्रमाचा कणा. मेल्विल ड्युईची दशांश पद्धत 1876 ची. तिच्यात 200 हा धर्माचा वर्ग. त्यातली 220 ते 289 ही जवळजवळ सगळी जागा ख्रिस्ती धर्माला, आणि उरलेल्या जगाचे धर्म 290 मध्ये दाटीवाटीने. बौद्ध धर्म 294.3, हिंदू धर्म 294.5. जातीचा क्रमांक 305.5122. आता एक पुस्तक हातात घ्या. दया पवारांचं ‘बलुतं’, 1978. हे कुठे ठेवाल? मराठी साहित्य म्हणून 891.46 मध्ये, की समाजशास्त्रात जातीच्या कपाटात? साहित्यात ठेवलं, तर जातीवर वाचायला आलेल्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते दिसणार नाही. जातीत ठेवलं, तर ‘हे कसलं साहित्य’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल. जागा एक, पण विषयनोंदी अनेक देता येतात. तालिकेत त्या नीट केल्या तर दोन्ही वाचक पुस्तकापर्यंत पोचतात. हा निर्णय रोज कोणीतरी टेबलावर बसून घेतं. तिथे बसणाऱ्याला जात म्हणजे काय हे ठाऊक असण्याने फरक पडतो.

फरक पडतो याचा दाखला अमेरिकेत आहे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 1930 पासून डोरोथी पोर्टर या कृष्णवर्णीय ग्रंथपाल कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा संग्रह सांभाळू लागल्या. त्या काळी ग्रंथालयांत कृष्णवर्णीयांची पुस्तकं, मग ती कवितेची का असेनात, 325 म्हणजे वसाहतीकरण किंवा 326 म्हणजे गुलामगिरी या क्रमांकांत टाकली जात. पोर्टरबाईंनी ते मानलं नाही. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, लेखकाच्या नावानिशी. पुढच्या किती संशोधकांचं काम या एका नकारावर उभं राहिलं!

आपल्याकडे काय आहे? एका मोठ्या ग्रंथालयात, नाव घेत नाही, मी चळवळीतल्या पुस्तिका मागितल्या. तालिकेत एकही नोंद नव्हती. तिथल्या शिपाईमामांनी आठवणीने सुतळीने बांधलेला गठ्ठा काढून दिला. वर चिठ्ठी होती, ‘किरकोळ’. आत जलशांची पदं, परिषदांचे अहवाल, धम्मदीक्षेनंतरचे संस्कारविधी, बायकांच्या मंडळांची पत्रकं. सोळा पानी, पिन मारलेल्या, आयएसबीएन नसलेल्या. दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोक अशीच पुस्तकं पिशव्या भरभरून नेतात. ती घरोघरी वाचली जातात, पण तालिकेत नसतात. मग विद्वान लिहितात, ‘या विषयावर साधनं उपलब्ध नाहीत.’

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिण्यासाठी चळवळीतल्या बायकांना गावोगावी जाऊन गाठलं. पुस्तक आलं 1989 मध्ये. तेव्हा ज्या म्हाताऱ्या भेटल्या त्यांतल्या बहुतेक आज नाहीत. कागदाचंही तसंच आहे. तो पिवळा पडतो, मोडतो, घर बदलताना रद्दीत जातो.

म्हणून तुम्हाला एक काम सुचवते. एम.लिब.ला लघुप्रबंध असेल, तर ‘वाचकांचं समाधान’ मोजणारी तीच ती प्रश्नावली नका करू. आपला एक तालुका घ्या. बुद्धविहारं, जुन्या कार्यकर्त्यांची घरं, शाहिरांच्या ट्रंका पाहा. प्रत्येक पुस्तिकेची नोंद करा: शीर्षक, लेखक, प्रकाशक, छापखाना, गाव, किंमत, पानं, आणि आज ती कोणाकडे आहे. साल छापलेलं नसेल तर प्रस्तावनेची तारीख, छापखान्याचा पत्ता, किंमत यांवरून अंदाज बांधा आणि तो चौकटी कंसात लिहा, म्हणजे तो अंदाज आहे हे वाचकाला कळेल. मूळ प्रत मालकाकडेच राहू द्या. त्यांच्या परवानगीने फोटो काढा. नोंदी कोहासारख्या मोफत प्रणालीत भरा.

शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1950 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. मराठीत संशोधन करणारा माणूस आजही तिच्याकडे वळतो. आपल्या पुस्तिकांची तशी सूची तालुक्या-तालुक्यातूनच उभी राहील. दोनशे नोंदी झाल्या तरी पुरे. पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातली मुलगी तिथून पुढे जाईल, आणि माझ्यासारख्या संशोधकांना सुतळी सोडत बसावं लागणार नाही.

प्रवेशाचे अर्ज निघाले की भरा. आणि आजच घरी फोन करून विचारा, आजोबांच्या ट्रंकेत काय काय आहे. काहीही असलं तरी रद्दीत देऊ नका म्हणावं.

जय भीम.