उपास हा उपाय नव्हे

(आरोग्यविषयक अभ्यासवर्गात कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मोठ्या आतड्यावर शस्त्रक्रिया होऊन ज्याच्या पोटावर मलमार्ग काढून दिला आहे, असा माणूस रुग्णालयातून घरी परतला की पुष्कळदा पहिली गोष्ट कोणती करतो? तो जेवण तोडतो. सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी, आणि संध्याकाळी चार माणसांत जायचे असेल तर काहीच नाही, असा त्याचा क्रम ठरून जातो. पोटात काही गेले नाही तर पिशवीत काही येणार नाही, असे त्यामागचे साधे गणित असते. घरच्यांनाही ते पटते. पथ्य म्हणजे कमी खाणे ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की, रोगी उपाशी राहतो आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

शरीर मात्र हे गणित मानत नाही. रिकामे आतडेही हालचाल करीत राहते, त्यात वायू धरतो, चिकट आव सुटतो आणि पोट गुरगुरत राहते. ज्या लाजेपोटी माणसाने अन्न सोडले तिच्यात त्यामुळे भरच पडते. दुसरीकडे, शस्त्रक्रियेची जखम भरून येण्यासाठी लागणारी प्रथिने पोटात जात नाहीत. वजन उतरते, पोटाची ठेवण बदलते आणि बेताने कापून बसवलेली पिशवी नीट चिकटेनाशी होते. पिशवी गळू लागली की माणूस आणखी घाबरतो आणि उरलेली अर्धी भाकरीही सोडतो. या दुष्टचक्रातून त्याला बाहेर काढणे हे कार्यकर्त्याला जमण्यासारखे काम आहे, आणि त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

प्रथम मूळ वस्तुस्थिती समजून घ्यावी. कोलोस्टोमी म्हणजे मोठ्या आतड्याचे एक टोक किंवा वेटोळे उदरभित्तीला छेद देऊन बाहेर आणणे आणि तेथे शिवणे. या तोंडाला स्टोमा म्हणतात. गुदाशयाचा कर्करोग, आतड्याला पडलेला पीळ, अपघातात झालेली इजा, अशा निरनिराळ्या कारणांनी ती करावी लागते. कित्येकांच्या बाबतीत ती तात्पुरती असते आणि काही महिन्यांनी आतडे पुन्हा जोडता येते. काहींना ती जन्मभर बाळगावी लागते. स्टोमा लालसर आणि ओलसर असतो. त्याला वेदनेची संवेदना नसते आणि मिटण्याचा स्नायूही नसतो. म्हणूनच मल आणि वायू केव्हा बाहेर पडावा यावर माणसाचा ताबा राहत नाही. ताबा गेल्याचे हे दुःख खरे आहे, त्याची समजूत कोरड्या उपदेशाने पटत नाही.

पण एक गोष्ट कित्येकांना कोणी सांगितलेलीच नसते. अन्न पचवून त्यातील सत्त्व शोषण्याचे मुख्य काम लहान आतडे करते, आणि कोलोस्टोमी झालेल्या माणसाचे लहान आतडे सहसा शाबूत असते. मोठ्या आतड्याचे काम मुख्यतः पाणी शोषण्याचे. म्हणून स्टोमा कोठे आहे हे विचारणे महत्त्वाचे ठरते. तो डावीकडे, आतड्याच्या शेवटच्या भागात असेल तर मल बहुधा बांधलेला येतो. मधल्या आडव्या भागात असेल तर लापशीसारखा. उजवीकडे असेल तर पातळ. उजवीकडच्याला डावीकडच्याचे पथ्य सांगण्यात अर्थ नाही. ज्यांचे लहान आतडेच बाहेर काढलेले असते त्या इलिओस्टोमीच्या रुग्णांचे प्रश्न आणखी वेगळे असतात. त्यांच्या शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होऊ शकतात. तेव्हा रुग्णालयातून मिळालेला कागद वाचून शस्त्रक्रिया कोणती झाली हे आधी पाहावे.

सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे आतडे सुजलेले आणि चिडलेले असते. या काळात चोथा कमी असलेले, मऊ अन्न द्यावे, आणि ते थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, साल काढून शिजवलेला दुधी किंवा भोपळा, ताक, पिकलेले केळे, सोसत असेल तर अंडे किंवा उकडलेले मासे, यांतून सामान्य मराठी घरात पुरेसे पोषण होऊ शकते. आहाराच्या पुस्तिका पुष्कळदा परदेशी पुस्तिकांच्या आधारे तयार होतात. त्यांत ब्रोकोली टाळण्याची ताकीद असते आणि पिठल्याविषयी चकार शब्द नसतो! आपल्याकडे प्रश्न पिठल्याचा, मटकीच्या उसळीचा, कांद्याचा आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा असतो. हे पदार्थ कायमचे बंद करण्याचे कारण नाही. मात्र एका वेळी एकच जुना पदार्थ, थोड्या प्रमाणात, पुन्हा सुरू करून पाहावा. दोन-तीन दिवसांनी दुसरा. एकाला जे बाधते ते दुसऱ्याला बाधेलच असे नाही, म्हणून दुसऱ्याच्या पथ्याची नक्कल करू नये. एखाद्या स्वस्त वहीत रोज काय खाल्ले आणि काय त्रास झाला हे लिहून ठेवले, तर महिन्याभरात ज्याचे त्याला कळून चुकते. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आहाराचे आणि पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

सर्वांत जास्त छळतो तो वायू. भरल्या सभेत, एस.टी.त, पंगतीत आवाज होईल या धास्तीने माणसे घराबाहेर पडेनाशी होतात. वायूचा काही भाग हा चक्क गिळलेल्या हवेचा असतो. घाईने, बोलत बोलत जेवणे, विडी ओढणे, सोडा पिणे यांनी हवा पोटात जाते. उरलेला वायू हरभरा, वाटाणा, वाल, कोबी, मुळा, कांदा यांसारख्या पदार्थांचा. डाव्या बाजूच्या कोलोस्टोमीत असे काही खाल्ल्यापासून त्रास जाणवेपर्यंत साधारण सहा ते आठ तास जातात. हे माहीत असले की सकाळी सभा असणाऱ्याने रात्री काय टाळावे ते त्याला ठरवता येते. डाळी-कडधान्ये भिजवून, पाणी टाकून, पुरती शिजवून, थोडीच खाल्ली तर त्रास कमी होतो. आवाज होतोसे वाटले तर हात किंवा पुस्तक स्टोमावर हलके दाबून धरले तरी तो बराच दबतो. दुर्गंधीचेही तसेच. पिशवी धड चिकटलेली असेल तर ती रिकामी करण्याच्या वेळेखेरीज वास येऊ नये. येत असेल तर अन्नाला दोष देण्याआधी पिशवी कोठून सुटली आहे ते पाहावे.

बद्धकोष्ठ हा दुसरा त्रास, आणि त्याचे एक कारण पुष्कळदा औषधांच्या पुडीतच असते. काही तीव्र वेदनाशामके आणि लोहाच्या गोळ्या मल घट्ट करतात. भरीला पाणी कमी पिणे आणि दिवसभर पडून राहणे असते. पाणी वाढवावे, घरातल्या घरात का होईना चालावे, मऊ फळे-भाज्या हळूहळू वाढवाव्यात. चोथा वाढवला आणि पाणी तेवढेच ठेवले तर कोंडी वाढते, हे इसबगोल घेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या, चूर्णे हे घरगुती शहाणपण येथे चालवू नये. आणि स्टोमात नळी घालून पाणी सोडण्याची क्रिया डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय आणि प्रशिक्षित परिचारिकेकडून शिकून घेतल्याशिवाय कधीही करू नये.

जुलाब झाले तर उलट बाजूने तोच नियम लागू होतो: अन्नपाणी बंद करू नये. जीवनजल पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवावे. तुटपुंज्या पाण्यात घट्ट केलेले द्रावण अपाय करते. भात, केळे, ताक, साबुदाण्याची पेज यांनी मल आळण्यास मदत होते. प्रतिजैविके, केमोथेरपी किंवा किरणोपचार चालू असताना जुलाब लागले, तर ते सहन करीत न बसता उपचार करणाऱ्यांना कळवावे. एक फसवा प्रकारही आहे. घट्ट मल अडून बसतो आणि त्याच्या कडेने नुसते पाणी वाहते. घरचे त्याला जुलाब समजून मल बांधण्याची गोळी देतात आणि आधीच लागलेली कोंडी पक्की करतात. आधी दोन-तीन दिवस काही बाहेर आले नसेल आणि मग एकदम पाणी येऊ लागले, तर ही शंका घ्यावी.

आता जो प्रश्न पथ्याच्या कागदावर कधीच नसतो त्याकडे वळू. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे, सावकाश चावून खावे, रात्री लवकर जेवावे, हे सारे खरे. पण ते कोणाला शक्य आहे? शेतमजूर बाई घरातल्या सर्वांचे झाल्यावर उरलेले खाते, तेही रात्री उशिरा. पिशवी मग मध्यरात्री भरते आणि झोपमोड तिचीच होते. ज्या घरात तिच्या शस्त्रक्रियेसाठी दागिने मोडले, त्या घरात तिला चार घास आधी वाढण्याची कल्पना कोणाला सुचत नाही. देवघरापासून आणि स्वयंपाकापासून तिला दूर ठेवणारे तर असतातच. विटाळाच्या या कल्पनेला शरीरशास्त्रात काही आधार नाही, हे कार्यकर्त्याने तिच्या घरात बसून, तिच्या हातचे पाणी पिऊन सांगितले पाहिजे.

कारखान्यात किंवा बांधकामावर जाणाऱ्याची अडचण निराळी. पिशवी तिसरा हिस्सा भरली की ती रिकामी करावी असे शिकवले जाते. त्यासाठी आडोसा, पाणी, पिशवी टांगायला एक खुंटी आणि टाकायला झाकणाची बादली एवढ्याच गोष्टी लागतात. कित्येक सार्वजनिक शौचालयांत यांतली एकही नसते. मग माणूस पाणी पिणे तोडतो, आणि संध्याकाळी बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन दवाखान्यात येतो. त्याच्या पोटाचा विकार नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात सुरू झालेला असतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आणि पिशवी? फ्रान्समधील ब्रेस्ट येथे १७९३ मध्ये द्युरे या शल्यविशारदाने गुदद्वार नसलेल्या एका अर्भकावर कोलोस्टोमी केली, आणि ते मूल पुढे पंचेचाळीस वर्षांचे होईपर्यंत जगले. शस्त्राने आपले काम इतक्या लवकर केले. परंतु चिकटून बसणाऱ्या, वापरून टाकून देण्याजोग्या पिशवीची कल्पना पुढे यायला १९५४ साल उजाडावे लागले. आणि ती सुचली डेन्मार्कमधील एलिझ सोरेनसेन या परिचारिकेला, कारण स्टोमा गळेल या भीतीने तिची बहीण थोरा घराबाहेर पडायला तयार नव्हती. मधली दीडशेहून अधिक वर्षे रुग्णांनी कापड, डबे आणि पट्टे बांधून काढली. आपल्याकडे गरीब रुग्ण आजही साधी प्लास्टिकची पिशवी दोरीने बांधून दिवस काढताना दिसतो. त्याची कातडी सोलवटते, आणि अन्नाविषयीची त्याची भीती त्या जळजळीतूनच सुरू होते. ऑस्टोमीच्या साधनांवरील वस्तू व सेवा कर १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला, हे ठीकच झाले. पण सरकारी आरोग्य योजनांचा भर रुग्णालयातील भरतीवर आणि शस्त्रक्रियेवर असतो; पिशवी मात्र घरी गेल्यावर, महिनोन्‌महिने लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार नोंदले आहेत, त्यांत स्टोमा नाही. ग्रामीण रुग्णालयातून पिशव्या मोफत मिळणे आणि प्रत्येक जिल्ह्यात स्टोमाची देखभाल शिकवणारी एक तरी परिचारिका असणे, या मागण्या जिल्हा परिषदेच्या पातळीवरही मांडता येतील. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९७० च्या दशकापासून हे काम करीत आली आहे. तेथे वा आपल्या भागात, स्वतः स्टोमा असलेला आणि तरीही पोटभर जेवणारा एक माणूस नव्या रुग्णाला भेटवून दिला, तर त्याचा परिणाम दहा व्याख्यानांहून अधिक होतो.

घरी भेटीला जाणाऱ्यांनी काही धोक्याच्या खुणा पाठ केल्या पाहिजेत. स्टोमाचा रंग काळपट किंवा जांभळा पडणे. पोट फुगून कळा येणे, उलट्या होणे आणि स्टोमातून वायूही बाहेर न पडणे. न थांबणारा रक्तस्राव. ताप येऊन पोट दुखणे. लघवी कमी होऊन घेरी येणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. याउलट, गुदाशय शिल्लक असलेल्या रुग्णाला कधी कधी पूर्वीच्याच वाटेने शौचाची भावना होते आणि आव पडतो. ते बहुधा नैसर्गिक असते, त्याने घाबरून जाऊ नये. त्यात रक्त किंवा पू दिसला तर मात्र दाखवावे. जड ओझे उचलणे डॉक्टर सांगेपर्यंत बंद ठेवावे, खोकताना स्टोमाच्या जागी हाताचा आधार द्यावा. नाहीतर तेथे हर्निया होण्याचा संभव असतो.

भेटीत औषधांची चौकशी सगळेच करतात. त्याआधी काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले, किती पाणी प्याले, हे विचारावे आणि उत्तर त्याच्या वहीत लिहावे. तात्पुरता स्टोमा असेल तर आतडे पुन्हा जोडण्याची तपासणी केव्हा आहे तेही पाहावे. गाडीभाड्यावाचून ती तारीख चुकते आणि काही महिन्यांची गोष्ट वर्षांवर जाते. ती तारीख मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावावी, आणि त्या दिवशी बरोबर कोण जाणार त्याचे नाव खाली लिहावे.