‘दोघी’ पाहिल्यावर

आज सुमित्रा भावे यांच्याविषयी बोलू. त्या आधी पुण्यात समाजकार्य शिकवायच्या. वस्तीतल्या बायकांचं जगणं त्यांनी जवळून पाहिलं आणि १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकरांसोबत त्यांनी ‘नितळ’मध्ये कोड, ‘कासव’मध्ये मनाचं आजारपण, असे झाकून ठेवलेले विषय पडद्यावर आणले.

त्यांचा १९९५ चा ‘दोघी’ आम्ही गटात पाहिला. लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो आणि गौरी अपशकुनी ठरते. घर जगवायला तिला मुंबईला धाडतात, तिथे तिला देह विकावा लागतो. तिच्या पैशावर धाकट्या बहिणीचं लग्न ठरतं, पण मांडवात गौरीला मान नाही.

सिनेमा संपला तरी कुणी बोलेना. आम्हीही तेच केलं होतं ना! गटाचा हिशोब लिहिणाऱ्या ताई विधवा, म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावलं नव्हतं. यंदा पहिलं वाण आम्ही त्यांनाच दिलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात मांडवाबाहेर कोण उभी आहे? तिला आत बोलवा.