पदकामागची फारसी



आपल्यातल्या अनेकांच्या घरी एखादं जुनं पदक असतं आणि त्याला चिकटलेली एक कहाणी असते. आमच्या दादीने तावीजांच्या डब्यात जपलेल्या पदकाच्या एका बाजूला मुकुट घातलेले राजा-राणी आहेत, दुसऱ्या बाजूला अरबीसारखी अक्षरं. अक्षरांमुळे ते पाक ठरलं. आजारी मुलाच्या उशाखाली ठेवायचे. एका चाचांच्या मते ते तुर्कस्तानच्या खलिफाने पाठवलेलं. राजा-राणीबद्दल कुणी विचारत नसे!

आपण मराठी शाळांत शिकलो. कुरआन वाचतो, म्हणजे अक्षरं लावता येतात. पण मजकूर उर्दू की फारसी हे कळत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भलतंच काही सांगितलं. शेवटी उर्दू शाळेच्या एका निवृत्त मास्तरांनी भिंग लावून वाचलं. भाषा फारसी, अर्थ असा: हिंदचा बादशहा, इंग्रजी मुलखांचा मालक पंचम जॉर्ज, याचा दरबार.

म्हणजे 12 डिसेंबर 1911 चा दिल्ली दरबार. 1903 च्या दरबाराच्या पदकावरही फारसी आहे, पण तिथे सातवा एडवर्ड एकटाच दिसतो. गंमत पाहा, कंपनी सरकारने 1837 मध्ये फारसीला कचेऱ्यांतून काढलं, आणि पुढे आपल्याच बादशहाच्या पदकावर तीच भाषा घातली. मुघलांचा थाट उसना हवा होता.

धातू घरीच तपासता येतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पदकाचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याने पदक पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. पहिल्या वजनाला नव्या आकड्याने भागा. 10.5 च्या जवळपास आलं तर चांदी असण्याची शक्यता, 8.9 च्या आसपास आलं तर तांबं-निकेल. आमचं चांदीचं निघालं.

कड मात्र कोरी होती. ही पदकं नाव न घालताच दिली गेली. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नाव असतं. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना मिळालेल्या, आगबोट कोरलेल्या कांस्य पदकावरही असतं. कोकणातल्या घरांनी ती कड तिरक्या उजेडात जरूर बघावी. आमच्याकडे पदक कशाचं ते कळलं, कुणाचं ते नाही.

यावर एक भाऊ म्हणाला, "बाहेर बोलू नकोस, लोक आपल्याला इंग्रजांचे चमचे म्हणतील." त्याची भीती मला कळते. आज आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागितला जातो. पण दरबारातल्या बंदोबस्ताच्या शिपायालाही हे पदक मिळत होतं. त्यावरून कुणाची निष्ठा मोजता येत नाही. त्याच दरबारात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा मुजरा अपुरा पडला म्हणून विलायतेत गदारोळ झाला. त्याच दरबारात बंगालची फाळणी रद्द झाली आणि पूर्व बंगालचे अनेक मुस्लिम पुढारी दुखावले. आमचा पूर्वज या गर्दीत कुठे उभा होता, की पदक नंतर बाजारातून आलं, हे पदक सांगत नाही. खलिफाची कहाणी मात्र मी मुलांना इतिहास म्हणून सांगणार नाही.

तुमच्या घरी असं काही सापडलं तर चिंच, राख, पितांबरी काही लावू नका. घासलं की अक्षरं झिजतात. रिबीन असेल तर फेकू नका, तिच्या रंगांवरूनही ओळख पटते. आणि त्याच डब्यातले कागद आधी बघा. आमच्या डब्यात मोडीतली एक पावती निघाली आहे; आता मोडी वाचणारं माणूस शोधतोय. तुमच्यापैकी कुणाला येते का?