जिन्यांतला आपोआप लागणारा दिवा

सदनिकांच्या इमारतींत जिन्यावरील दिव्याचें वीजबिल सर्व बिऱ्हाडांनीं वांटून भरावयाचें असतें. दिवा रात्रभर जळला तर पैसे व्यर्थ गेले असें वाटतें. तो मालवावा, तर उशिरां येणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून माणसाची चाहूल लागतांच पेटणारे व थोड्या वेळानें विझणारे दिवे हल्लीं बसविले जातात. बुलढाणा जिल्ह्यांत मात्र ही सोय करितांना हवामानाचा विचार अवश्य केला पाहिजे.

हे दिवे बहुधा माणसाला ओळखतात तें त्याच्या उष्णतेवरून. मनुष्यदेहांतून अदृश्य अवरक्त किरण सतत बाहेर पडतात. संवेदकावरील भिंग समोरच्या जागेचे अनेक पट्टे पाडतें. ऊबदार देह एका पट्ट्यांतून दुसऱ्यांत गेला कीं आंतील स्फटिकावर पडणारी उष्णता बदलते, व त्या फरकानें दिवा लागतो. अर्थात् देह व मागची भिंत यांच्या तपमानांत अंतर हवें. बुलढाणा, चिखली, मेहकर हीं गांवें घाटावरचीं. परंतु खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत मलकापूर, नांदुरा, शेगांव येथें वैशाखांत पारा 40 अंशांच्या वर जातो, आणि तापलेल्या भिंती सायंकाळींही लवकर निवत नाहींत. भिंत अंगाइतकीच तापली, कीं तिच्यापुढून जाणारा मनुष्य या यंत्राला दिसेनासा होऊं लागतो. धाप लागून पायरीवर स्वस्थ बसलेला वृद्धही त्याला कळत नाहीं, व नेमका त्याच वेळीं अंधार होतो.

आतां बचतीचा हिशेब पाहावा. 60 वॅटचा जुना बल्ब रोज 12 तास जळला तर 30 दिवसांत 21.6 युनिट वीज खातो. 9 वॅटचा एलईडी दिवा तितक्याच वेळांत 3.24 युनिट. म्हणजे मोठी बचत दिवा बदलतांच पदरांत पडते. संवेदक उरलेल्या तीन युनिटांतलाच कांहीं भाग वांचवितो. तेवढ्यासाठीं कोणाचें हाड मोडावें, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

यास्तव रहिवाशांनीं पूर्ण अंधार करणारी योजना पत्करूं नये. प्रत्येक वळणावर एखाद्या वॅटचा मंद दिवा रात्रभर असावा, आणि संवेदकानें मोठा दिवा लावावा. संवेदक असा बसवावा कीं चढणारा त्याच्यापुढून आडवा जाईल. सरळ त्याच्याकडे येणारा त्याला उशिरां कळतो. आणि दिवा विझण्याची मुदत इमारतींतील सर्वांत सावकाश चढणाऱ्या मनुष्याच्या पावलांनीं मोजून ठरवावी.